क्लचवाली गाडी

आधी त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. मिलच्या आवारात चालता चालता एक चप्पल मागेच राहायची, आणि माझे यजमान थोडं पुढे गेल्यावर थांबून तिच्याकडे बघायचे. आम्ही हसायचो. "पट्टा ढिला झाला असंन, नवीन घ्या ना बाप्पा," असं मीच म्हटलं. नवीन घेतली, तीही निसटली. मग एक दिवस ते धानाच्या पोत्याला अडखळून पडले आणि त्यानंतर नागपूरच्या चकरा सुरू झाल्या.

लाखनीजवळ हायवेला लागून आमची राइस मिल आहे. सासऱ्यांनी सुरू केलेली, यांनी वाढवलेली. एकच मुलगी, ती पुण्याला नोकरी करते. यांना पन्नाशी ओलांडून फार दिवस झाले नव्हते. बीपी नाही, शुगर नाही. त्यामुळे नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी समोरच्या खुर्च्यांवर आम्हा दोघांना बसवून दार लावून घेतलं, तेव्हा मला वाटलं, मणक्याचं ऑपरेशन सांगतील.

त्यांनी सांगितलं ते असं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा हळूहळू मरत चालल्यात. पाय जातील, हात जातील, मग बोलणं आणि गिळणं. डोकं शेवटपर्यंत चांगलं राहील. एक गोळी आहे, पण ती आजार थांबवत नाही, थोडा रेटा कमी करते एवढंच.

"किती वेळ?" यांनी विचारलं.

"दोन वर्षं धरून चाला. कमीही होऊ शकतात."

मी पदर तोंडाला लावून बसले होते. हे थोडा वेळ टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "मॅडम, मी गाडी चालवू शकतो का?"

मला त्यांचा रागच आला. बाईंना मात्र आला नाही. "आज पायावर भरवसा आहे ना? मग चालवा. ज्या दिवशी भरवसा वाटणार नाही त्या दिवशी थांबा. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही."

परतताना गाडी यांनीच चालवली. मौद्याच्या पुढे एका ढाब्यावर चहाला थांबलो. ट्रक एकामागून एक रायपूरकडे जात होते.

"मी एक गाडी घेऊन राहिलो," ते म्हणाले.

"कोणती गाडी?"

"दोन पाहून ठेवल्या आहेत. त्यातली एक."

"आता?"

"आता नाही तं कधी वं?"

त्यांचं हे वेड मला माहीत होतं, पण ते जेवण झाल्यावर कानात इअरफोन घालून मोबाइलवर बघण्यापुरतं आहे असं मी समजत होते. जमिनीला चिकटून पळणाऱ्या, दोनच माणसं मावणाऱ्या गाड्या. आमच्याकडे चार पैसे हाती आलेला माणूस शेत घेतो, दुसरी मिल टाकतो, पोरीचं लग्न थाटात करतो. गाडी घेतलीच तर उंच, पांढरी, सात माणसं बसतील अशी घेतो. आमच्याकडेही तीच होती. पण यांचं खरं प्रेम वेगळं होतं. तरुणपणी ते मिलचा ट्रक स्वतः रायपूरला न्यायचे. लग्न झाल्यावर मला पहिल्यांदा फिरायला नेलं तेही त्याच ट्रकमधून, साकोलीपर्यंत. मी मोहाडीहून आलेली नवी नवरी, शेजारी शालू सावरत बसलेली. आणि हे मला गिअर कसा पडतो ते समजावून सांगत होते! पायाने क्लच दाबायचा, हाताने गिअर टाकायचा, कानाने इंजिन ऐकायचं, तिन्ही एका वेळी जमलं की ट्रकसुद्धा लोण्यासारखा चालतो, असं म्हणत होते. नव्या नवरीला हे सांगणारा माणूस बरा आहे की कसा, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता.

पहिली गाडी आम्ही नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात पाहिली. कंपनीने गिऱ्हाइकांना दाखवायला ती मुंबईहून आणली होती. लालभडक, अगदी बसकी, समोरून एखाद्या माशासारखी. किंमत ऐकून मी यांच्याकडे नुसतं बघितलं. त्या पैशांत दुसऱ्या मिलची सगळी मशिनरी आली असती.

टाय लावलेला एक तरणा मुलगा माहिती देत होता. स्टीअरिंगच्या मागे दोन पट्ट्या होत्या, बोटाने ओढल्या की गिअर बदलायचे. नाही ओढल्या तर गाडी स्वतःच बदलून घेणार. तो मला उत्साहाने म्हणाला, "मॅडम, इसमें क्लच है ही नहीं. सर को बायाँ पैर चाहिए ही नहीं!"

त्या मुलाला काहीच माहीत नव्हतं. मी झटकन यांच्याकडे पाहिलं. ते गाडीच्या चाकाकडे बघत होते.

ते एक चक्कर मारून आले. "कशी आहे?" मी विचारलं.

"भारी आहे. विमानच आहे." पण दुसऱ्याच्या लग्नातलं चांगलं जेवण जेवून आल्यावर माणूस जसं सांगतो, तसं सांगितलं त्यांनी.

मी त्या मुलाला विचारलं, गाडी मिळायला किती दिवस लागतात. होळी नुकतीच होऊन गेली होती. तो म्हणाला, बाहेरून येते, आज बुक केली तर दिवाळीपर्यंत मिळेल. दिवाळी हा शब्द मी धरून ठेवला.

दुसरी गाडी जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडे होती. निळी, कोण्या डॉक्टरची वापरलेली. पहिलीच्या किमतीत असल्या तीन आल्या असत्या. इंजिन मागच्या बाजूला आणि डिक्की पुढे. याचीच मला गंमत वाटली. डीलर पन्नाशीचा गप्पिष्ट माणूस होता. "भाऊ, ही खरी चालवणाऱ्याची गाडी आहे. आजकालच्या पोराईले क्लचवाली नाही पाहिजे, म्हणून पडून आहे माह्याकडे."

हे आत बसले. बसले म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसले. मी शेजारी. त्यांनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून क्लचवर ठेवला आणि वरून मांडी दाबून पाहिली. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही. डीलर खिडकीतून काही सांगायला लागला तर हे म्हणाले, "थांब रे बाबू, ओळख होऊ दे." तिसऱ्यांदा गाडी निघाली ती इतकी अलगद की मला कळलंच नाही.

हिंगण्याच्या बाजूला मोकळ्या रस्त्याला लागल्यावर ते बोलायला लागले. कित्येक दिवसांत इतकं बोलले नव्हते. मागून इंजिनाचा आवाज चढायचा, ते पाय दाबायचे, हात सरकायचा, आवाज उतरायचा. "पाह्य ना, गाडी कशी विचारते! म्हणते, आता टाकू का? आपण सांगतो, टाक. त्या लालमध्ये ते सगळं आपसातच बोलून घेते. आपल्याले कोणी विचारतच नाही."

परत आलो तेव्हा त्यांना गाडीतून उठता येईना. एका हाताने दाराची चौकट धरली, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवला, तरी डावा पाय मुडपून जात होता. डीलरने तोंड फिरवून फोनवर बोलायला सुरुवात केली. त्या माणसाचा हा चांगुलपणा माझ्या लक्षात राहिला.

घरी आल्यावर आमचं भांडण झालं. आजार कळल्यापासूनचं ते पहिलंच भांडण.

"लाल घ्या," मी म्हटलं.

"तू तं किंमत ऐकून पांढरी झाली होतीस."

"झाली होती. पण तिले डावा पाय लागत नाही. तुम्हाले जास्त दिवस चालवता येईन. निळी तुम्ही किती दिवस चालवाल? पाय कोणता गेला आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मंग? एवढे पैसे घालून दोन महिन्यांसाठी गाडी घ्याची?"

"दोन महिने तं दोन महिने. पण मी चालवीन. त्या लालमध्ये मी नुसता बसून राहीन."

मी हट्टाला पेटले होते. मुलीला पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिचा आवाज बदलला. "आई, बाबांले आवडते ते घेऊ दे ना," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

हे माझ्याकडे बघत होते. फार शांतपणे म्हणाले, "तुले गाडी नाही पाहिजे वं. तुले दिवाळी पाहिजे."

मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सुरू केला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले. त्यांनी बरोबर ओळखलं होतं. गाडी बुक केली, पैसे भरले, की माणसाला तिची वाट बघावी लागणार, आणि वाट बघायची तर तोवर असावंच लागणार, असा काहीतरी हिशेब माझ्या मनाने करून टाकला होता. देवाला नवस बोलतात तसा मी गाडीचा नवस बोलले होते. थोड्या वेळाने ते भिंत धरत धरत आत आले आणि नळ बंद करून माझ्या मागे नुसते उभे राहिले.

निळी आली. मिलच्या फाटकातून आत शिरताना ट्रक तोलायच्या धरमकाट्याच्या चढावर तिचं पोट खरकन घासलं, तर हमाल सगळे धावत आले. यांनी दुसऱ्याच दिवशी मिस्त्री बोलावून तो चढ सारखा करून घेतला. आजाराचं आम्ही मुलीशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे शेठ म्हातारपणी येडा झाला असं लोक म्हणाले. यांच्या कानावर ते गेलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. उलट, असं येडं व्हायला फार उशीर केला, असं म्हणाले.

तो उन्हाळा त्यांनी गाडी चालवली. सकाळी ऊन चढायच्या आत पालांदूरच्या रस्त्याने जायचं आणि यायचं. वेगात कधी नाही. मला बाजूला बसवायचे. धानाच्या रिकाम्या बांध्यांच्या मधून रस्ता वळतो तिथे गिअर उतरवायचे आणि माझ्याकडे बघायचे, ऐकलंस का म्हणून. मी मान हलवायचे. खरं सांगायचं तर माझं लक्ष सगळं त्यांच्या डाव्या पायाकडे असायचं.

पाणी पडून बांध्यांत धानाची रोवणी सुरू झाली, त्या दिवसांतली गोष्ट. फाटकातून आत येताना त्यांचा पाय क्लचवरून सटकला. गाडी एकदम उसळली आणि कोंड्याच्या पोत्यांच्या थप्पीपासून वीतभर अंतरावर बंद पडली. पलीकडे दोन बाया पोती शिवत बसल्या होत्या. त्यांना काही झालं नाही, त्या नुसत्या दचकून उठल्या.

हे स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"झालं," म्हणाले. डोळे कोरडे होते. "आता तू."

"मी काय?"

"तू चालव. मी सांगतो."

मला स्कूटी येत होती. तेवढंच. पण मी नाही म्हणू शकले नाही. शिकाऊ परवाना काढला आणि मिलच्या आवारात, जिथे उकडलेलं धान वाळवायला घालतात त्या सिमेंटच्या खळ्यावर, माझं शिकणं सुरू झालं. मी गाडी किती वेळा बंद पाडली याला गणती नाही. हमाल तोंड लपवून हसायचे. सुरुवातीला हे माझ्यावर ओरडायचे. "हळू सोड वं, हळू! भाकर थापताना हात कसा उचलतेस, तसा पाय उचल." मी चिडून म्हटलं, "भाकर काही धक्के देत नाही," तर एवढे हसले की त्यांना ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबला नाही. नुसत्या हसण्याने ठसका लागण्याची ती पहिली वेळ.

नंतर बोलणं जड होत गेलं. शब्द तोंडात घोळायचे. मी गाडी रस्त्यावर काढायला लागले तेव्हा मला त्यांचं ऐकू येईना, म्हणून त्यांनी दुसरी सोय केली. मी गिअरवर डावा हात ठेवायचे, माझ्या हातावर त्यांचा उजवा हात. दाबला की गिअर टाकायचा. मी चुकीच्या वेळी टाकायला गेले तर हात घट्ट धरून ठेवायचे. दसऱ्याच्या आसपास त्यांचा हातच उचलेनासा झाला. मग मीच तो उचलून गिअरच्या मुठीवर ठेवायचे आणि वरून माझा हात. त्यांची बोटं थंड असायची. तोवर गिअर कधी बदलायचा ते मला कानाने कळायला लागलं होतं. तरी मी त्यांच्याकडे बघून विचारायचे, "टाकू का?" ते डोळे मिटून हो म्हणायचे.

त्यांना गाडीत बसवायला आणि काढायला आता दोन हमाल लागत. मुलगी ऑफिसकडून घरून काम करायची परवानगी घेऊन लाखनीला आली होती. ती म्हणायची, "आई, मोठ्या गाडीतून ने ना त्यांले, उंच सीट आहे." मी विचारलं तर ते मान हलवून नाही म्हणाले.

दिवाळीला ते होते. त्या हॉटेलातल्या मुलाचा शुभेच्छांचा मेसेज आला, सोबत लाल गाडीचा फोटो. यांना दाखवला तर त्यांनी तो बराच वेळ पाहिला. तोवर त्यांचे दोन्ही पाय गेले होते. लाल बुक केली असती तर ती त्याच आठवड्यात दारात येऊन उभी राहिली असती.

धान कापून झाल्यावर, थंडी पडायला लागली होती तेव्हा, आम्ही गोसीखुर्दच्या धरणावर गेलो. बोलणं आता पूर्ण गेलं होतं; मुलीने केलेल्या अक्षरांच्या पाटीवर एकेका अक्षराकडे बघून त्यांनीच ते नाव तिला सांगितलं होतं. दोघंच जाणार, दोनच सीटा. मुलगी मागून मोठी गाडी घेऊन आली. भंडाऱ्यावरून पवनीच्या रस्त्याने मी त्यांना नेलं. कापलेल्या धानाचे पुंजने बांध्यांमध्ये रचलेले होते. ते मान एका बाजूला टेकवून बाहेर बघत होते.

धरणाजवळ पाणी दिसायला लागलं. पार पलीकडचा काठ दिसू नये इतकं. मध्ये एक डोंगा, त्यात जाळं ओढणारा माणूस. मी गाडी थांबवायला लागले तर त्यांच्या घशातून आवाज आला. मला कळेना. पुन्हा आवाज.

"पाणी पाहिजे? थांबू?"

नाही. डोळे गिअरकडे.

"सहावा?"

डोळे मिटले. हो.

सहावा गिअर मी कधीच टाकला नव्हता. आमच्या रस्त्यांवर त्याची गरजच पडत नव्हती. पुढे रस्ता सरळ होता, रिकामा होता. त्यांचा हात मुठीवर ठेवला, माझा त्यावर. गाडी ओढू दिली, आवाज चढला, मी पाय दाबला आणि आमचे दोन्ही हात सहाव्यात गेले. मागचा आवाज एकदम खाली उतरला, नुसती हवा राहिली.

आणि ते हसायला लागले. किंवा रडायला. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की या आजारात पुढे पुढे हसणं आणि रडणं सारखंच होतं, माणसाला आवरत नाही, बघणाऱ्याला ओळखू येत नाही. तोंड वाकडं झालेलं, डोळ्यांतून पाणी, अंग हलत होतं, घशातून तसला आवाज. मी ओरडून विचारलं, "हसून राहिले ना? अहो, हसून राहिले ना तुम्ही?" डोळे मिटले की उघडे आहेत ते मला नीट दिसेना, कारण रस्त्यावरून नजर काढता येत नव्हती. मी हळूहळू गाडी कडेला घेतली. थांबेपर्यंत ते शांत झाले होते. मी पुन्हा विचारलं, पण त्यांनी डोळे पाण्याकडे लावले होते. मी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि आम्ही तसेच बसून राहिलो. मुलगी मागून येऊन काचेवर टकटक करेपर्यंत.

उन्हाळा लागायच्या आत ते गेले. घरीच गेले. सकाळी, मुलगी त्यांच्या पायांना तेल लावत असताना. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. सासरे गेले त्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदाच मिल पूर्ण बंद होती आणि हायवेच्या ट्रकांचा आवाज सरळ घरात येत होता, एवढं आठवतं.

मुलगी पुण्याला परत गेली. मिल मी बघायला लागले. गाडी शेडमध्ये कापडाखाली उभी राहिली. चालवायची म्हटलं तर शेजारची सीट रिकामी बघवत नव्हती. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, बंद ठेवून खराब होईन ती. बाबांले ते आवडलं नसतं." डीलरला फोन केला. त्याने रायपूरचं एक जोडपं पाठवलं. तिशीतली दोघं, दोघंही डॉक्टर.

त्यातल्या मुलाने चक्कर मारून बघतो म्हटलं. मालकीण म्हणून मी शेजारी बसले. त्या बाजूच्या सीटवर बसायची ती कित्येक महिन्यांनंतर पहिली वेळ. सीट मागे रेललेली होती, यांची मान टेकावी म्हणून आम्ही ठेवली होती तशीच. तिथून रस्ता भयंकर जवळ दिसतो. येणारा ट्रक आपल्यावरच येतोय असं वाटतं. हात-पाय न हलणारा माणूस इथे बसून माझ्यासारख्या शिकाऊ बाईच्या हातात आपला जीव देत होता आणि वर डोळ्यांनी हो, हो, टाक म्हणत होता. मला रडू फुटलं. तो मुलगा बिचारा घाबरला, गाडी थांबवू का विचारायला लागला. मी म्हटलं, नाही बाबू, चालव.

परत आल्यावर त्याच्या बायकोने विचारलं, "आंटी, गाडी कौन चलाता था? अंकल?"

"हम दोनों," मी म्हटलं.

ती दोघं दुपारीच गाडी घेऊन निघाली. फाटकाबाहेर वळताना त्या मुलाने गिअर थोडा लवकर टाकला, गाडीने एक गचका दिला आणि मग ती साकोलीच्या बाजूने निघून गेली. मी शेडमध्ये जाऊन ते कापड घडी करत बसले. संध्याकाळी धानाचा ट्रक आला आणि ड्रायव्हर तो सरळ शेडमधल्या त्या रिकाम्या जागेत लावायला लागला. मी मिलच्या दिवाणजींना म्हटलं, आज तिथं लावू नका. त्यांनी बाहेर लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी विचारायला आले, तेव्हा मी लावा म्हटलं.